पेस्ट कंट्रोलवाला निवडताना नेमकं काय बघायचं?

निशिगंध

आमच्याकडे हवा जवळपास बारा महिने उबदार आणि दमट असते, त्यामुळे झुरळांचा असा ठरावीक हंगाम राहिलेलाच नाही. रात्री स्वयंपाकघरात दिवा लावला की ओट्याखालच्या कपाटाच्या बिजागरीपाशी पळापळ दिसते. न्हाणीघरात अधूनमधून एखादं मोठं झुरळ निघतं. त्यात आता एका दाराच्या चौकटीवर बारीक मातीची रेघ दिसायला लागली आहे. वाळवी असावी अशी शंका येते.

घरात रांगणारं बाळ आहे आणि सासूबाईंना दमा आहे. त्यामुळे दिसेल त्याला बोलावून घरभर फवारून घ्यायची माझी तयारी नाही.

तीन ठिकाणी चौकशी केली. पहिल्याने "किती खोल्या?" एवढंच विचारलं आणि फोनवरच आकडा सांगून मोकळा झाला. दुसरा म्हणाला, "आमचं औषध हर्बल आहे, वास नाही, बाळाला घेऊन घरातच बसा." तिसऱ्या ठिकाणी एक बाई बोलल्या. त्यांचं म्हणणं, आधी माणूस येऊन घर बघेल, बघायचे पैसे वेगळे, काम दिलंत तर ते बिलात वळते करू. घरच्यांचं मत पहिल्याला बोलवावं असं आहे. मला तिसरी जागा बरी वाटते, पण का, ते घरात पटवून देता येत नाहीये. निवड कशावरून करायची? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

रानवारा

तिसरी जागा. अजिबात विचार करू नका.

किडा कोणता हे न विचारता जो आकडा सांगतो, त्याने औषध आधीच ठरवलेलं असतं. झुरळ, वाळवी, ढेकूण, मुंग्या, प्रत्येकाचा उपाय वेगळा. काही वेळा तर एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवतो. फेरो मुंग्या म्हणून अगदी बारीक पिवळसर मुंग्या असतात. त्यांच्यावर फवारा मारला की वारूळ फुटून त्याची दोन-चार वारुळं होतात आणि त्या आणखी खोल्यांत पसरतात. त्यांना आमिषच लागतं. हे माहीत नसलेला माणूस तुमच्याच पैशाने तुमचा त्रास वाढवून जातो.

कपाटातली झुरळं केवढी आहेत? रंग कसा? डोक्यामागे रेघा आहेत का?

निशिगंध

दीडेक सेंटिमीटर असतील. फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळसर उभ्या रेघा. फ्रिजच्या मागे मोटरच्या उबेला पिल्लंही दिसली. न्हाणीघरातलं बरंच मोठं, लालसर, चारेक सेंटिमीटरचं.

षट्पद

मग तुमच्या घरात दोन वेगळी झुरळं आहेत आणि त्यांची दोन वेगळी कामं आहेत. कीटकशास्त्र शिकलो असल्यामुळे जरा लांबण लावतो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच्यातच आहे.

कपाटातलं छोटं ते जर्मन झुरळ. ते घरातच राहतं आणि घरातच वाढतं. मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला धरून हिंडते आणि पिल्लं निघायच्या थोडं आधी ती टाकते. एका डबीत साधारण ३० ते ४० अंडी. उबदार घरात चारेक आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि त्यानंतर दोनेक महिन्यांत तीही अंडी घालायला लागतात. आता फवारणीचं बघा. मादी मरते, पण डबीच्या कवचातून औषध आत जात नाही. अंडी पिकत आलेली असतील तर मेलेल्या मादीची पिल्लंही निघतात. म्हणून फवारणीनंतर काही दिवस घर शांत वाटतं आणि महिन्याभरात बारीक पिल्लं दिसायला लागतात. लोक म्हणतात औषधात भेसळ होती. औषध बरोबर असलं तरी हेच होतं, कारण दुसरी फेरी झालेलीच नसते.

तेव्हा फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: "दुसरी फेरी किती दिवसांनी, आणि तेव्हाच का?" ज्याला अंड्यांचं गणित माहीत आहे तो दोन ते चार आठवडे म्हणेल आणि कारणही सांगेल. "गरज पडली तर फोन करा" हे उत्तर आलं की पुढचा नंबर फिरवा.

न्हाणीघरातलं मोठं ते अमेरिकन झुरळ. ते बहुतेक गटारात, ढाप्याखाली, पाइपांच्या डक्टमध्ये राहतं आणि जाळीतून वर येतं. त्याच्यासाठी तुमच्या कपाटात काही मारून उपयोग नाही. जाळी घट्ट बसते का, मोरीच्या ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या पाणी साठून राहणाऱ्या वळणात) पाणी टिकतं का, पाइप भिंतीत शिरतो तिथे फट आहे का, हे बघावं लागतं. न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात उष्म्याने ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि झुरळांना सरळ वाट मिळते. अधूनमधून तांब्याभर पाणी ओतलं तरी ती बंद होते.

आता जेल, म्हणजे विष घातलेलं आमिष. जर्मन झुरळासाठी सध्या सगळ्यात भरवशाचं तेच आहे. ३-४ मिलिमीटरचे ठिपके बिजागऱ्यांत, फटींत, फ्रिजच्या मागच्या कडेला लावतात. झुरळ ते खातं, लपायच्या जागी जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा, त्याचं शरीर खाऊन पिल्लंही मरतात. जी पिल्लं फटीबाहेर फारशी पडतच नाहीत त्यांच्यापर्यंत फवारा पोचत नाही, पण जेल असं पोचतं.

अडचण एवढीच की जेलच्या आसपास पायरेथ्रॉइडचा (फवाऱ्यांत नेहमी असणाऱ्या कृत्रिम कीटकनाशकाचा) फवारा मारला की झुरळं तिकडे फिरकत नाहीत आणि जेल वाया जातं. "जेल पण लावू आणि वरून सगळीकडे स्प्रे पण मारू, डबल इफेक्ट" असं कोणी म्हणालं तर त्याला हे सरळ विचारा.

अजून एक. वर्षानुवर्षं एकच जेल वापरणाऱ्यापासून सावध राहा. जेलमध्ये गोडी यावी म्हणून ग्लुकोज घालत. काही ठिकाणच्या जर्मन झुरळांनी ते खाणंच सोडलं, १९९३ साली यावर शोधनिबंध आला. पुढे २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की या झुरळांच्या कडू चव ओळखणाऱ्या पेशीच ग्लुकोजला प्रतिसाद देतात, म्हणजे गोड त्यांना कडू लागतं. कंपन्यांनी नंतर आमिषं बदलली. चांगला माणूस जेलही अधूनमधून बदलतो.

सदाफुली

सासूबाईंच्या दम्याबद्दल लिहिते, कारण आमच्या घरातही दमा आहे.

औषधाची भीती बरोबर आहे, पण झुरळं तशीच ठेवणंही दम्याला वाईट. त्यांची विष्ठा, लाळ, टाकलेली कात यांचे कण धुळीत मिसळतात आणि दमा चाळवतात, हे वैद्यकात पक्कं माहीत आहे. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की झुरळं घालवा, पण हवेत उडणारं काही मारू नका. म्हणून जेल बरं. काम झाल्यावर कपाटांच्या आतला काळा भुगा कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. फक्त जेलचे ठिपके सोडून. आणि पुसताना सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसवा.

वार्षिक कराराला मात्र माझा विरोध आहे. आम्ही केला होता. दर फेरीला एक मुलगा यायचा, न्हाणीघराच्या चार कोपऱ्यांत फुसफुस करायचा, ओट्यापाशी यायच्या आधीच सही मागायचा. कपाट उघडून बघा म्हटलं तर "मॅडम, अजून सहा घरं आहेत." पैसे वर्षाचे आधीच दिलेले, मग तो कशाला थांबेल?

उंबरठा

मी याच व्यवसायात आहे, त्यामुळे माझं म्हणणं त्या हिशेबाने वाचा. कंपनीचं नाव इथे सांगणार नाही.

सदाफुलीताई, त्या मुलाला दिवसाला घरं मोजून दिलेली असतात आणि फवारणी दहा मिनिटांत होते. जेलला तेवढ्याच घरात तास लागतो, कारण प्रत्येक बिजागरी उघडावी लागते. म्हणून ज्यांचा धंदा घरांच्या संख्येवर चालतो ते फवारणीच विकतात. तेव्हा फोनवर हेही विचारा: "माझ्या घरात तुमचा माणूस किती वेळ असेल?" या एका उत्तरात बरंच कळतं.

चांगली पाहणी कशी असते ते सांगतो, म्हणजे समोर उभं राहून बघता येईल. माणूस टॉर्च घेऊन येतो, तोही नुसता दाखवण्यापुरता नाही, बिजागरीच्या आत उजेड पाडणारा. ड्रॉवर बाहेर काढून त्याची मागची बाजू बघतो. फ्रिज पुढे ओढतो. सिंकखाली हात घालून पाइपाभोवतीची फट चाचपतो. बिजागरीपाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर तिथे वस्ती आहे हे तो तुम्हालाही दाखवतो. मग चार-सहा चिकट सापळे ठेवतो. हे मारायला नसतात, मोजायला असतात. कुठल्या सापळ्यात किती आणि कोणत्या वयाची अडकली यावरून जेल कुठे किती लावायचं ते ठरतं, आणि दुसऱ्या फेरीला आकडा घटला की नाही तेही कळतं. हे सगळं न करता पंप खांद्याला लावूनच जो दारात येतो त्याला नम्रपणे परत पाठवा.

कागदाचं म्हणाल तर औषधाच्या ब्रँडचं नाव पुरेसं नाही. त्यातला मूळ घटक कोणता, किती टक्के, आणि पाण्यात किती मिसळणार, हे लिहून मागा. फिप्रोनिल, इंडोक्साकार्ब, इमिडाक्लोप्रिड, डेल्टामेथ्रिन अशी काही नावं ऐकू येतील. त्याच्यासोबत सेफ्टी डेटा शीट, म्हणजे औषधाच्या सुरक्षिततेची माहिती देणारा कागद, मागा. ती ठरावीक १६ विभागांची असते. तिसऱ्या विभागात घटक, चौथ्यात प्रथमोपचार. घरात बाळ असेल तर हा चौथा विभाग फोनमध्ये काढून ठेवा, वेळ आली तर डॉक्टरांना तोच दाखवायचा. आणि डब्याचं सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. पाण्याच्या बाटलीत आणलेलं, लेबल नसलेलं औषध कितीही ओळखीच्या माणसाने आणलं तरी घरात घेऊ नका.

करारावर माझं मत थोडं वेगळं आहे. उबदार हवेत बाहेरून येणं चालूच राहतं, त्यामुळे वर्षभर कोणीतरी बघत राहणं वाईट नाही. पण दर फेरीला फवारणी असं लिहिलेला करार घेऊ नका. दर फेरीला पाहणी, सापळ्यांची नोंद, आणि गरज असेल तिथेच औषध, असं लिहून घ्या. पैसे फेरीगणिक द्या. मधल्या काळात त्रास झाला तर विनामूल्य किती दिवसांत येणार तेही त्याच कागदावर हवं. तोंडी वॉरंटी धरू नका.

निशिगंध

हे सगळं सोनं आहे. "हर्बल" आणि "वास नाही" याबद्दल कोणी सांगेल का? घरात याच शब्दाची भुरळ पडली आहे.

षट्पद

वासाचा आणि विषारीपणाचा काही संबंध नाही. पूर्वीच्या औषधांना रॉकेलसारख्या द्रावकाचा वास यायचा. आता पाण्यात मिसळणारी तीच औषधं वास न येता मिळतात. पायरेथ्रिन शेवंतीच्या जातीच्या फुलांतून काढतात, म्हणजे वनस्पतीजन्यच, पण दमा असलेल्यांना त्याने त्रास होऊ शकतो. आणि पर्मेथ्रिन हे त्याच कुळातलं कृत्रिम रसायन मांजरींना घातक आहे, कारण त्यांचं यकृत ते नीट पचवू शकत नाही. माशांनाही ही औषधं फार लवकर मारतात. काचेची टाकी असेल तर ती झाकून हवेचा पंप बंद करावा लागतो, नाहीतर पंपच औषध पाण्यात ओढतो. चांगला माणूस घरात मासे, मांजर, पक्षी आहेत का हे स्वतःहून विचारतो. तुमच्या तिघांपैकी कोणी विचारलं?

"हर्बल" म्हणणाऱ्याला घटक विचारा. नाव सांगता आलं नाही तर त्याला माहीत नाही किंवा त्याला सांगायचं नाही. दोन्ही परिस्थितींत बाळाच्या घरात ते नको.

तळ्यातमळ्यात

अल्ट्रासॉनिक प्लगचंही (ऐकू न येणाऱ्या आवाजाने किडे पळवतो म्हणून विकतात त्या यंत्राचंही) सांगून टाकतो, कारण कोणीतरी सुचवेलच. झुरळं पळवण्याइतका परिणाम चाचण्यांत दिसलेला नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली साठाहून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना असे दावे पुराव्याशिवाय करू नका म्हणून पत्रं पाठवली होती.

चौकटीवरच्या रेघेचा फोटो टाका ना. आणि ती पुसू नका!

निशिगंध

(फोटो जोडला आहे.) जमिनीपासून वर गेली आहे, पेन्सिलीएवढी जाड. खाली फरशीच्या सांध्यातून निघते.

उंबरठा

बरं झालं पुसली नाहीत. ही जमिनीतली वाळवी आहे. तिला ओलावा लागतो, म्हणून ती मातीचा बोगदा बांधून त्याच्या आतून ये-जा करते. नखाने मधला दोनेक सेंटिमीटर तुकडा पाडा आणि बघत राहा. काही दिवसांत तो बुजला तर आत वर्दळ आहे. बुजला नाही म्हणून वाळवी गेली असं मात्र समजू नका, ती वाट बदलते.

इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. चौकटीवर फवारा मारून दिसणारी वाळवी मारली जाते, रेघ पुसली जाते, काम झालं म्हणून पैसे घेतले जातात. राणी आणि वसाहत जमिनीत सुखरूप. खरा उपाय म्हणजे भिंत आणि फरशीच्या सांध्याला ठरावीक अंतरावर छिद्रं पाडून औषध मातीत उतरवणं, किंवा जमिनीत आमिषाची केंद्रं बसवणं. मातीतलं औषध वाळवीला हाकलणारं नसावं, तिला न कळणारं असावं, म्हणजे ती त्यातून चालत जाऊन इतरांनाही लावते. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड या जातीतले. विचारा: "छिद्रं किती अंतरावर, प्रत्येकात किती औषध, आणि नंतर बुजवणार कशाने?" आकडे न अडखळता आले पाहिजेत. न्हाणीघराची भिंत जवळ असेल तर पाइप कुठून जातो हे न विचारता ड्रिल लावणाऱ्याला तिथेच थांबवा.

रेघ नसून लाकडाखाली वाळूसारखा भुगा पडत असेल तर प्रकरण वेगळं. भिंगातून त्या कणांना सहा बाजू दिसल्या तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. ती लाकडातच राहते, जमिनीत औषध ओतून तिला काही होत नाही.

मृद्गंध

इतकी चांगली चर्चा चालली आहे तर एक गोष्ट कळकळीने लिहिते. ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी कोणी "गोळ्या ठेवतो, दार बंद करा, रात्रभरात साफ" म्हणालं तर त्याला घरात पाऊल टाकू देऊ नका. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या दमटपणानेच त्यातून फॉस्फिन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, फटींतून, डक्टमधून शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरात जातो. त्याला उतारा नाही. बंद गोदामांत धान्यासाठी वापरायची ही गोष्ट आहे, माणसं राहतात तिथे नाही. अशा प्रकारांत झोपेत कुटुंबं गेली आहेत, आणि बऱ्याचदा गोळ्या शेजारच्या घरात ठेवलेल्या होत्या. आपल्या इमारतीत कोणी करून घेत असेल तरी मध्ये पडा, वाईटपणा घ्या.

ढेकणांना वेळ आणि चिकाटी लागते. अंडी उबदार हवेत सहा ते दहा दिवसांत फुटतात आणि बरीच औषधं अंड्यांवर चालत नाहीत, म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. कपडे, चादरी ड्रायरमध्ये पुरेशा वेळ कडक तापवल्या, ५० अंशांच्या वर, की अंड्यांसकट मरतात.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिन्ही ठिकाणी हेच प्रश्न पुन्हा विचारले.

पहिला म्हणाला, "तुम्हाला करून घ्यायचं आहे का परीक्षा घ्यायची आहे?" आणि फोन ठेवला. दुसऱ्याने औषधाचं नाव सांगायला तीन वेळा टाळलं, शेवटी "कंपनीचं सिक्रेट आहे" म्हणाला. तिसऱ्या बाईंनी डेटा शीट तासाभरात पाठवली. जेल इंडोक्साकार्बचं, स्वयंपाकघरात फवारणी नाही. वाळवीचं बघूनच सांगू म्हणाल्या. सर्वात महत्त्वाचं, बाळ किती महिन्यांचं आहे आणि जमिनीवर कुठे खेळतं, हे त्यांनी मी सांगायच्या आधी विचारलं. घरात हे सगळं वाचून दाखवलं. आता कोणाचाच विरोध नाही.

त्यांचा माणूस येऊन सापळे ठेवून गेला. ते कधी काढायचे? आणि तोवर घरात आहे तो फवाऱ्याचा डबा वापरू का? रात्री ओट्यावर झुरळ दिसलं की राहवत नाही.

उंबरठा

डबा अजिबात नाही. फवारलं की ती जागा सोडून पळतात आणि सापळ्याची मोजणी चुकते, नंतर लावलेलं जेलही खात नाहीत. दिसलं तर चपलेने मारा आणि जागा पुसून घ्या.

सापळे पुढच्या फेरीपर्यंत हलवू नका. प्रत्येकावर तारीख आणि जागा लिहा, "सिंकखाली डावीकडे" अशी, आणि रोज रात्री फोटो काढून ठेवा. बाळाच्या हाताला लागणार नाहीत एवढं बघा. सिंकखालच्या सापळ्यात फक्त मोठी लालसर अडकली तर तिथे जेल वाढवू देऊ नका, पाइपाची फट बुजवायला सांगा. रेघांची बारीक पिल्लं जास्त असतील तर वस्ती त्या सापळ्यापासून हातभर अंतरातच आहे, बहुतेक कपाटाच्या मागच्या फळीत. ती फळी काढायला सांगायचं.